पुणे, मुक्काम पोस्ट आर्क्टिक

सगळे एकमेकांना नकाशाची लिंक पाठवतात; सदरहू लेखक अक्षांश-रेखांशाचे आकडे पाठवतो. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाशी भेटायचं असलं तरी 18.519513, 73.855347. पुण्यात ‘दिल्ली दरवाजाशी ये’ एवढं पुरतं, हे त्याला ठाऊक आहे. दशांश चिन्हानंतरचा सहावा आकडा जेमतेम अकरा सेंटिमीटरचा हिशेब ठेवतो आणि फोनचा जीपीएस उघड्यावरही काही मीटर डोलत असतो, हेही ठाऊक आहे. पण अकरा सेंटिमीटरपर्यंत काटेकोर राहण्याची संधी संसारात दुसरीकडे मिळते कुठे?

भाचीचा मेसेज येतो, “मामा, हा कुणाचा नंबर? लागत नाहीये.”

त्याच्या फोनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, नेटशिवाय उघडणारं ॲप आहे, आणि ते आहे हे समोरच्याला सांगितल्याशिवाय त्याला चहा जात नाही. 2004 पासून जगभरच्या हौशी मंडळींनी काढत आणलेला हा नकाशा. त्यात गल्लीतलं एक बाकडं लेखकानेही नोंदवलंय. या योगदानाबद्दल तो अत्यंत विनयाने बोलतो. वारंवार बोलतो.

घरात मात्र एक गट गुगल मॅप्सचा, आयफोनवाल्या मेव्हण्यांचा दुसरा ॲपल मॅप्सचा. खरं तर तोडगा 2010 सालीच निघालाय: आधी ‘जिओ’ (रिचार्जशी संबंध नाही), मग अपूर्णविराम, अक्षांश, स्वल्पविराम, रेखांश. अँड्रॉइड फोनमध्ये असा दुवा उघडला की तो आपल्याकडच्या कुठल्याही नकाशाला देता येतो. जागा सगळ्यांची, नकाशा ज्याचा त्याचा.

अट एकच. आकड्यांचा क्रम चुकता कामा नये, आणि इथे लेखकाला थांबवणं कठीण. कारण या दुव्यात अक्षांश आधी, पण जिओजेसन नावाच्या, प्रोग्रामर रोज वापरतात त्या पद्धतीत रेखांश आधी. पुण्याचे आकडे उलटे लिहिले तर पुणे जातं आर्क्टिकच्या समुद्रात, नॉर्वेच्या ब्योर्नोया बेटाच्या दक्षिणेला साधारण साठ किलोमीटरवर. मुंबईही त्याच पाण्यात बुडते, पुण्याच्या खाली. हे सांगताना लेखकाचा चेहरा उगाच खुलतो. नागपूर स्वालबार्ड द्वीपसमूहात पोचतं, म्हणजे मे महिन्यात नागपूरकर तक्रार करणार नाहीत. कोलकाता तर उत्तर ध्रुवापासून दोनशे किलोमीटरच्या आत. गुवाहाटी मात्र कुठेच जात नाही: तिचा रेखांश 91 च्या पुढे, आणि अक्षांश नव्वदला संपतात. लग्नाच्या पंगतीत हा विषय निघाला की शेजारचा पाहुणा गुवाहाटीच्या आत ताटावरून उठतो.

लेखकाची चीड मात्र खरी आहे. नकाशाच्या छोट्या लिंकमध्ये बहुतेकदा जागा नसतेच. असतो एक सांकेतिक शब्द, ज्याचा अर्थ कंपनीच्या सर्व्हरलाच कळतो. सह्याद्रीत घाटमाथ्यावर फोन कसाबसा लागतो, नेट नसतं. तिथे कुणाचा पाय मोडला तर ती लिंक पाठवता येत नाही, आणि वाचून दाखवली तरी खालच्या माणसाला बोध होत नाही. आकडे वाचून दाखवता येतात. तुटक आवाजात, एकेक करून, दोनदा. अशा वेळी चार दशांश पुरतात. अकरा मीटरच्या आत हाक ऐकू येते.

आकड्यांतला पत्ता आपल्याला नवा नाही. डाकखात्याने 1972 च्या 15 ऑगस्टला पिनकोड आणला, तो श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीच्या कल्पनेतून. त्याला ॲप लागलं नाही. त्याच खात्याने 2025 मध्ये डिजिपिन आणलाय: देशाचे सुमारे चार बाय चार मीटरचे चौकोन, प्रत्येकाला दहा अक्षरी खूण. हिशेबाने लेखकाच्या हॉलचा डिजिपिन एक, न्हाणीघराचा दुसरा. त्याने हॉलचा पितळी पाटीवर कोरून दाराला लावला.

पण या चौकोनांना मजले कळत नाहीत. वरच्या काकांच्या हॉलचाही डिजिपिन तोच, खाली पार्किंगमधल्या स्कूटरचाही तोच. काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लेखी हरकत घेतली आहे: सामायिक पत्ता एका सभासदाने खासगी दारावर लावणे उपविधीत बसते काय?