चौथी नळी

आमच्याकडं एक पेरणी यंत्र आहे. ‘आमच्याकडं’ हा शब्द जरा ढिला घ्यावा. मृग निघाला की ते भावकीत फिरत असतं. चेन तुटली, नळी फाटली की तेवढ्या दिवसापुरतं आमचं होतं.

यंत्र वडिलांनी घेतलेलं. नऊ फण, वर बियाण्याची पेटी आणि खताची पेटी. रंग निळा होता, असं आई म्हणते. सोयाबीनला दोन ओळींत ४५ सेंटिमीटर लागतात, म्हणून मी एकाआड एक फण काढून पाचच चालवतो. काढलेले चार फण कुठं ठेवलेत हे दरवर्षी नव्यानं शोधावं लागतं.

रान तीन किलोमीटरवर आहे. वाटेत देवळामागची गल्ली. यंत्राची रुंदी दोन मीटरहून थोडी जास्त, गल्लीचीही तेवढीच, आणि तिथं एक मोटारसायकल कायम लावलेली. ती कुणाची, यावर गल्लीत एकमत नाही. पुढं दोन्ही अंगाला ऊस. मागं यंत्र लटकलं की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात नुसतं धरायला उरतं. लिफ्ट म्हातारी झाल्यामुळं उचललेलं यंत्र चालता चालता खाली बसतं. एकदा माझं लक्ष नव्हतं, तर नव्या डांबरावर पाच सरळ रेघा उठल्या. त्या मिटवायला कुणाला काही करावं लागलं नाही; पहिल्या पावसात डांबरच गेलं.

बियाणं किती पडणार हे ठरवायला पेटीला एक दांडा आहे. त्याच्या पट्टीवरचे आकडे गंजानं खाल्ले. मग चाक जॅकवर उचलायचं, वीस फेरे फिरवायचे आणि नळ्यांतून पडलेलं बी पिशवीत धरून तोलायचं. चाकाचा घेर दीड मीटर, म्हणजे वीस फेऱ्यांत तीस मीटर. एकरी तीस किलोच्या हिशेबानं पिशवीत अर्धा किलो यायला पाहिजे. पहिल्यांदा सातशे ग्रॅम आलं. दांडा केसभर सरकवला, तर साडेतीनशे. चौथ्या खेपेला किराणा दुकानदार म्हणाला, “काय पाव्हणं, सोयाबीन असं किलो-किलोनं इकताय व्हय?”

पाऊस शंभर मिलिमीटर झाला, वापसा आला, आणि बांधावर अण्णा आले. त्यांना कुणी बोलावत नाही. त्यांनी तासात बोट खुपसून दाणा उकरला. “चार बोटं खोल गेलंय रं.” मी फण वर घेतले. पुढच्या तासाला पुन्हा बोट. “आता उघडंच पडतंय.”

कुरीनं पेरताना ही भानगड नव्हती, असं अण्णांचं म्हणणं, आणि दुर्दैवानं ते खरं आहे. आज्जी चाड्यावर मूठ धरायची. बी बोटांतून सुटायचं, आणि नळी तुंबली की चाड्यात दाणे साचलेले तिच्या तळव्याला लागायचे. ती नुसतं “हूं” म्हणायची, बैल थांबायचे. इंग्लंडात जेथ्रो टलनं १७०१ साली पेरणी यंत्र केलं, ते शोध म्हणून पुस्तकांत छापलं गेलं. त्याच शतकाच्या शेवटी हॅलकॉट नावाच्या इंग्रज कॅप्टननं दक्षिण हिंदुस्थानात शेतकऱ्यांना साध्या कुरीनं पेरताना पाहिलं. तोवर तो हे अवजार युरोपचं समजत होता. आज्जीला यातलं काही माहीत नव्हतं.

यंत्राला मात्र तळवा नाही. पहिल्या वळणावर मी फण खाली सोडले आणि ट्रॅक्टर हातभर मागं सरला. मागं सरलं की फण ओल्या मातीत रुततो आणि नळीचं तोंड लिंपून जातं. चौथी नळी लिंपली. चाक फिरतंय, चेन वाजतेय, पेटीतलं बी कमी होतंय, सगळं झकास. नळी काठोकाठ भरली आणि वरच्या चिरेतून दाणे मातीवर सांडत राहिले. हे सगळ्यांत आधी पारव्यांना कळलं. दोन एकर ते माझ्या मागून चालत होते आणि मी त्याला शुभशकुन समजत होतो.

आठव्या दिवशी रान उगवून आलं. जाताना आणि येताना यंत्राचं तोंड फिरतं, त्यामुळं नक्षी अशी झाली: सहा ओळी, खाडा, दोन ओळी, खाडा, पुन्हा सहा. रान नेमकं एस. टी.च्या वाटेवर आहे. कंडक्टरसुद्धा खिडकीतून बोटं मोजून गेला. अण्णा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

त्यानंतर आठवडाभर बायकांच्या मजुरीवर नांग्या भरून घेतल्या. यंत्र चुलतभावानं नेलंय. जाताना म्हणाला, “दादा, नळ्या जरा साफ करून द्यायच्या नव्हत्या?”

रस्त्यानं जाणाऱ्यांनी आता विचारू नये. नांग्या भरल्यात, पण दोन आठवडे उशिरा. त्या ओळी काढणीपर्यंत वीतभर आखूडच दिसणार आहेत.