बिल्डिंग नंबर अमुक, वर्तकनगर

वर्तकनगरात राहतो म्हटलं की पक्का ठाणेकर लगेच विचारतो, "म्हणजे म्हाडात का?" त्या 'का'मध्ये थोडी कीव असते. घोडबंदर रोडच्या टॉवरांना परदेशी नावं. आमच्या इमारतींना नुसते नंबर. पण कुरिअरवाला टॉवरच्या गेटवर ओटीपी देत ताटकळतो. आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकू त्याला अचूक दारात सोडतात, वर "त्यांच्या सुनेचं पार्सल असणार" हेही सांगतात.

लोकांच्या डोक्यात म्हाडाची सरकारी घरं म्हणजे गळकी गच्ची आणि भांडणं. गच्चीबद्दल आपण न बोललेलं बरं. भांडणं मात्र तत्त्वाची असतात. तळमजल्याने ग्रिल दोन फूट पुढे काढलं की पहिला मजला सोसायटीत तक्रार देतो. महिनाभरात त्याच ग्रिलच्या आधाराने त्याची खोली पुढे सरकते आणि तक्रारीचा अर्ज दुसऱ्या मजल्याकडे जातो. त्या ग्रिलमध्ये तुळस, पाण्याचं पिंप, गेल्या वर्षीचं मखर आणि नातवाची तीनचाकी एवढं सगळं सुखाने नांदतं. मूळ नकाशा काढणाऱ्याला आज स्वतःची इमारत ओळखता यायची नाही.

गंमत अशी की नाकं मुरडणारेच म्हाडाच्या घराचे फॉर्म भरण्यात पुढे. मे 2023 मध्ये म्हाडाच्या कोकण मंडळाच्या घरांची सोडत निघाली ती ठाण्याच्या घाणेकर नाट्यगृहात, म्हणजे ऐन टॉवरवाल्या हिरानंदानी मेडोजमध्ये! तेव्हा सोडतीत आजी-माजी आमदार-खासदारांसाठीही घरं राखीव होती, अगदी अत्यल्प उत्पन्न गटातसुद्धा. लोकप्रतिनिधींच्या गरिबीची एवढी काळजी दुसरं कोण घेतं?

डोंबिवलीचे आमचे मामा फडके रोडजवळच्या चाळीत वाढले, पण म्हाडाला कायम 'सरकारी खुराडी' म्हणत. पुढे त्यांच्या धाकट्याला सोडतीत खोणीला घर लागलं. मामांनी पेढे वाटले, पण तोंडातून 'म्हाडा' निघेना. "पलावाच्या शेजारी घेतलंय," एवढंच.

"अभिनंदन मामा," मी म्हटलं, "पण पाच वर्षं विकता येत नाही हं."

मामांचा पेढा हातातच राहिला. "अरे देवा," ते म्हणाले, "म्हणजे तोवर राहायचं त्यात?"