फ्लॉपबघे

पोकरच्या प्रत्येक टेबलावर एक फ्लॉपबघे असतातच. खरं आडनाव काहीही असेल. आमच्या पुण्याच्या सोसायटीत, शनिवारच्या टेबलावर, ते फ्लॉपबघेच. हातात दोन पानं आली की ती कोणती आहेत याच्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसतं. पानांचे कोपरे जरा उचलतात, भुवया उंचावतात, “फ्लॉप तरी बघू!” म्हणतात आणि चिंचोके पुढे सरकवतात. (आम्ही चिंचोक्यांवर खेळतो. एक तर १८८७ सालचा जुगारप्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून धडधाकट आहे. आणि दुसरं म्हणजे, पैसे लावून खेळलो असतो तर फ्लॉपबघ्यांचा फ्लॅट एव्हाना आमच्या नावावर झाला असता.)

ज्यांनी टेक्सस होल्डेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डावाआधीच दोघांना ठरावीक बोली सक्तीनं भरावी लागते, एकाला अर्धी, दुसऱ्याला पुरी; ते ब्लाइंड. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग टेबलावर तीन पानं एकदम उघडतात, तो फ्लॉप; नंतर चौथं, नंतर पाचवं. पण त्याच्याही आधी ठरवायचं असतं की आपली दोन पानं खेळायची की टाकायची. नवशिक्यानं शिकायचं ते हेच. बावन्न पानांतून दोनच्या जोड्या होतात १३२६. इस्पिक, बदामचे सारखेच ठरणारे फरक सोडले तर प्रकार उरतात १६९. आठ-नऊ जणांच्या टेबलावर शहाणा नवशिक्या शंभरातले पंधरा-वीस डाव खेळतो आणि बाकीची पानं निमूट टाकतो. फ्लॉपबघे शंभरातले नव्वद खेळतात. उरलेल्या दहा डावांच्या वेळी ते फोनवर बोलत असतात.

नवल म्हणजे हाच माणूस मंडईत प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघतो. हापूसच्या पेटीतला एकेक आंबा देठाशी हुंगतो. मुलीला सांगून आलेली स्थळं “मुलगा चांगला आहे, पण नदीपलीकडे राहतो” एवढ्यावर परत पाठवतो. पत्त्यांच्या बाबतीत मात्र दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं.

कारणं त्यांच्याकडे तयार असतात. सगळ्यात लाडकं कारण, “दोन्ही किलवर आहेत!” माणूस तीन पत्तीत वाढलेला, कलर म्हटला की त्याचा जीव वितळतो. आता हिशेब बघा. हातात एकाच रंगाची दोन पानं असताना फ्लॉपची तिन्ही पानं त्याच रंगाची येतात ती साधारण ११८ डावांत एकदा. एकरंगी असण्यानं पानांची जिंकण्याची शक्यता वाढते ती जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी. किलवरची नश्शी-तिर्री ही आधी नश्शी-तिर्री असते, किलवर नंतर. हे त्यांना सांगितलं की ते “हो ना!” म्हणतात आणि चिंचोके सरकवतात.

दुसरं कारण एक्का. सोबत काय आहे ते विचारायचं नाही. सोबत तिर्री असते. समोर कोणाकडे एक्का-राजा निघाला तर चारातले जवळपास तीन डाव गेलेच. आणि टेबलावर एक्का उघडला की फ्लॉपबघ्यांना जो आनंद होतो, तोच त्यांना सगळ्यात महाग पडतो. तिसरं कारण खास मध्यमवर्गीय: “ब्लाइंडचा अर्धा तर भरलाच आहे, आता सोडायचा कशाला?” तो अर्धा वाचवण्यासाठी आजवर किती चिंचोके गेले याचा हिशेब वहिनींकडे आहे. चिंचोके त्याच धुऊन वाळवून ठेवतात.

जागेचा तर त्यांनी विचारच केलेला नाही. ब्लाइंड भरणाऱ्या दोघांच्या लगेच पुढे बसलेल्याला सगळ्यात आधी बोलावं लागतं. मागच्या सात-आठ जणांकडे काय दडलंय त्याचा त्याला पत्ता नसतो, म्हणून तिथे राजा-दश्शीसुद्धा टाकावी. डीलरच्या जागेवरचा फ्लॉपनंतर सगळ्यांचं बघून शेवटी बोलतो. त्याच्यापर्यंत कोणी बोली वाढवलेली नसेल तर त्यानं तीच राजा-दश्शी खुशाल खेळावी. फ्लॉपबघ्यांच्या मते जागेचा संबंध फक्त पंख्याशी.

अन् वाद घालायला त्यांच्याकडे डॉइल ब्रन्सन आहे. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं त्यानं लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी-दुर्री! गोष्ट खरी आहे. फक्त शेवटच्या डावात समोर एकच माणूस उरलेला असतो आणि तिथे नेम सैल होतात. आमच्या टेबलावर समोर सात जण असतात, आणि अलीकडे ब्रन्सन नसतो.

मध्यंतरी त्यांच्या भाच्यानं त्यांना कोणती पानं खेळायची याचा तक्ता छापून दिला: तेरा बाय तेराचे चौकोन, तिरप्या ओळीत जोड्या, वर एकरंगी पानं, खाली दुरंगी. फ्लॉपबघेकाकांनी तो लॅमिनेट केला. आणि मग जे झालं ते आधीपेक्षा भयंकर. नवशिक्याला निवड पटली की तो निवडीचा वारकरी होतो. काका एक्क्याच्या जोडीशिवाय पानाला हात लावीनात. ही जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. आमच्या वेगानं तासाला पंचवीस-तीस डाव होतात, तेव्हा तुम्हीच हिशेब करा. दोन शनिवार काका नुसता चिवडा खात होते. टाकलेल्या सत्ती-दुर्रीवर फ्लॉपला सत्ती-सत्ती-दुर्री उघडली तेव्हा त्यांनी जे सुतक पाळलं, ते चुलत आजोबांचंही पाळलं नव्हतं.

तिसऱ्या शनिवारी जोडी आली. काका ताठ बसले. चष्मा पुसला. चिवड्याची वाटी बाजूला सारली, घसा खाकरला आणि म्हणाले, “वीस!”

सातही जणांनी पानं टाकली. काकांना ब्लाइंडचे मिळून तीन चिंचोके मिळाले.

“अहो, एक तरी थांबा!” ते कळवळून म्हणाले. पण दोन आठवडे गप्प बसलेला माणूस चष्मा पुसून बोलतो तेव्हा कोण थांबणार? फक्त सोनं खेळणाऱ्याचं सोनं सगळ्यांना दुरून दिसतं, हे त्या तक्त्यावर कुठं छापलेलं नव्हतं.

पुढच्या डावापासून तक्ता चहाच्या कपाखाली गेला आणि “फ्लॉप तरी बघू!” पुन्हा सुरू झालं. आम्हाला हायसं वाटलं, हे कबूल करायला हरकत नाही. आणि काका अगदीच खुळे नाहीत. सत्ती-दुर्रीसुद्धा एक्क्याच्या जोडीला आठ-नऊ डावांत एकदा हरवते. तो एक डाव त्यांना तारीखवार आठवतो. बाकीचे सात-आठ आम्हाला आठवतात.

तुमच्या ओळखीत असे कोणी फ्लॉपबघे असतील तर त्यांना तक्ते-बिक्ते देऊ नका. शनिवारी रात्री नऊला आमच्याकडे पाठवा. चिवडा आमचा, चिंचोके मात्र त्यांनी घरून भरपूर आणावेत.