एक स्टेशन अलीकडे

इटलीच्या समुद्रकिनाऱ्यावर एकट्याने आणि स्वस्तात जाण्याची तजवीज वर्षानुवर्षे करीत असलेला एखादा गृहस्थ तुमच्याही आळीत असेलच. नसल्यास आमचे नानासाहेब काही दिवस उसने न्या, मी अनामत रकमेचाही आग्रह धरणार नाही. परवा रात्री, मी दिवा मालवण्याच्या बेतात असताना, ते बगलेत बाड घेऊन आले आणि चपला काढण्यापूर्वीच उद्गारले, "अहो, ला स्पेझियाही महागलं! आता सारझाना."

लिगुरियाच्या किनाऱ्यावर मॉन्तेरोसो, वेर्नात्सा, कॉर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे कड्यांना बिलगून वसली आहेत. त्यांना मिळून चिंक्वे तेर्रे म्हणतात, 1997 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी आगगाडी चार-पाच मिनिटांत पोचते, ही सर्व माहिती मला इच्छा नसताना मुखोद्गत झाली आहे. ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने आयुष्यात एकच सिद्धान्त प्रतिपादिला, आणि तो असा की, मुक्काम नेहमी एक स्टेशन अलीकडे करावा. नाशिकहून बदलीवर निघाले असता ठाण्यातील घरांचे भाव ऐकून ते डोंबिवलीस उतरले, ते तेथेच राहिले. भाचीचे लग्न ठाण्यास होते, तेव्हा कळव्याला उतरून खाडीवरच्या पुलावरून पायी निघालेले नानासाहेब कार्यालयात पोचले त्या वेळी अक्षता पडून गेल्या होत्या आणि दुसरी पंगत उठत होती. तथापि वाचलेल्या रिक्षाभाड्याचा तपशील त्यांनी वधूपित्यास, तो मुलीच्या पाठवणीने व्याकुळ झालेला असतानाच, सविस्तर निवेदन केला.

हाच सिद्धान्त इटलीस लागू झाला. मूळ खर्ड्यात मुक्काम वेर्नात्सात, समुद्राकडील खोलीत होता. मग तो रिओमाज्जोरेस आला, तेथून ला स्पेझियास, आणि आता सारझानास. पुढील संशोधन कार्राराच्या दिशेने चालू आहे, कारण मायकेलअँजेलोने जेथून संगमरवर नेला ते डोंगर गाडीच्या खिडकीतून विनामूल्य दिसतात. या गतीने मुक्काम मागे सरकत मुंबईच्या विमानतळावर आणि तेथून, नियमास अनुसरून, डोंबिवलीस येऊन ठेपेल, असे मी उपरोधाने म्हणालो. नानासाहेब हसले नाहीत. त्यांनी ते टिपून घेतले.

ते बाड एकदा पाहण्यासारखे आहे. लाल फितीत बांधलेले, प्रत्येक पानाला समास सोडलेला, आणि समासात शिसपेन्सिलीने शेरे. उपाहारगृहात बसल्याबद्दल माणशी 'कोपेर्तो' आकारतात, त्यापुढे शेरा : 'अन्नाआधी आसनाचे भाडे. उभ्याने फोकाच्चा खावा.' कॉर्निलियाच्या स्टेशनावरून गावात चढण्यास 382 पायऱ्या आहेत, त्यापुढे : 'गुडघ्यांचा खर्च कोणत्या सदरी?' रिओमाज्जोरे ते मानारोला ही प्रेमिकांची म्हणून प्रसिद्ध असलेली पाऊलवाट 2012 साली दरड कोसळल्याने बंद झाली ती 2024 साली उघडली, आणि तिला निराळे तिकीट आहे. त्यापुढे : 'एकट्यास निमे आकारावे.' व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, या कलमाखाली मात्र केवळ दोन दीर्घ रेघा आहेत.

एका गोष्टीचा उलगडा मला बरेच दिवस होत नव्हता. एकट्यासाठीची खोली दोघांच्या खोलीहून फारशी स्वस्त नसते, म्हणजे कोणी सोबती घेतल्यास खर्च जवळजवळ अर्ध्यावर येतो, हे पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसास कळत नव्हते असे नाही. विचारले, तेव्हा बाडाची फीत बांधीत ते म्हणाले, "अहो, आजवर एक रात्र तरी मी खोलीत एकटा निजलोय का?" मग मला आठवले ते दोन खोल्यांतील बिऱ्हाड, पाठच्या बहिणींची लग्ने, अंथरुणास खिळलेल्या आईची वर्षे आणि उंबऱ्यापाशी घातलेले त्यांचे अंथरूण, ज्यावरून रात्री उठणारा प्रत्येक जण ओलांडून जाई. स्वतःच्या घरातही हा मनुष्य एक स्टेशन अलीकडेच राहिला.

सांगावयास जीभ रेटत नाही, पण ते बाड निरुपयोगी नाही. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी मिलानला शिकावयास गेली, तेव्हा नानासाहेबांनी त्याची नक्कल स्वहस्ते उतरवून तिला दिली. ती एकटीच चिंक्वे तेर्रेस जाऊन आली, दंड न भरता आणि उपाशी न राहता; मात्र सिद्धान्त धाब्यावर बसवून थेट वेर्नात्सात राहिली. तिचा फोन आला तेव्हा नानासाहेबांनी प्रथम, गाडीत चढण्यापूर्वी कागदी तिकिटावर यंत्राचा शिक्का मारला होता ना, याची खातरजमा केली. खोलीच्या भाड्याविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. खिडकीतून पाणी दिसत होते का, एवढेच विचारले, आणि तिचे उत्तर बाडात शाईने नोंदविले.

दहा वर्षांपूर्वी काढलेला, एकही शिक्का नसलेला त्यांचा पासपोर्ट यंदा मुदतबाह्य होत होता. गेल्या महिन्यात तो त्यांनी नवा करून घेतला. तत्काळचे जादा पैसे न भरता, साध्या 1,500 रुपयांत.