परक्याचे धन

पेणच्या मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याने वाळवंट पाहावयास जावे, यात काही औचित्य आहे असे आमच्या कुटुंबाला शेवटपर्यंत वाटले नाही. ज्या गावी वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथील माणसाला कोरडेपणाचीही हौस असू शकते, हे तिला पटवून देण्यास लागणारे वक्तृत्व आमच्या रोह्याच्या व्याह्यांपाशी होते. आणि त्या वक्तृत्वाची परिणती अशी झाली की, पेणचे गणपती देशोदेशी रवाना होऊन उसंत मिळताच, आम्ही उभयता व्याही चीनमधील अंतर्मंगोलियाच्या बादाइन जारान नामक वाळवंटात जीपगाडीच्या मागल्या बाकावर एकमेकांच्या अंगावर आदळू लागलो.

हे वाळवंट २०२४ साली, दिल्लीतच भरलेल्या अधिवेशनात, जागतिक वारसा म्हणून युनेस्कोच्या दप्तरी दाखल झाले. तेथील सर्वांत उत्तुंग टेकडी पायथ्यापासून ४६० मीटर उंच, म्हणजे अवचितगडाहूनही उंच आहे. आणि ही गोष्ट व्याह्यांनी, उभ्या हयातीत अवचितगड रोह्याच्या बाजारपेठेतूनच पाहिलेला असूनही, जातीने अपमानास्पद मानली. "अहो, वाळूच ती! आज आहे, उद्या नाही," असे ते म्हणतात न म्हणतात तोच, या टेकड्या फारशा जागा सोडत नाहीत, अशी माहिती वाटाड्याने पुरवली. खारेपाटातील आमच्या बांधांना उधाणाच्या भरतीने पडणाऱ्या खांडी आठवून मी गप्प राहिलो.

खरे नवल माथ्यावर चढून श्वास ताब्यात आल्यानंतर दिसते. खाली पाहावे, तो दोन टेकड्यांच्या कुशीत निळेशार तळे! अशी तळी तेथे शंभराहून अधिक; बहुतेक खारी, काही तांबूस, आणि काहींच्या काठीच गोड्या पाण्याचे झरे. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरही धड नाही, बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट, तरी तळी तग धरून आहेत. हे पाणी येते कोठून, याविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. कोणी दूरच्या छीलियान पर्वतावरील बर्फाचा हवाला देतात, तर कोणी प्राचीन काळी मुरलेल्या पाण्याचा. महसूल खात्यात केस पांढरे केलेल्या माझ्या मनाला, कबजेदाराचे नाव नसलेला हा सातबारा पाहून, विलक्षण अस्वस्थता आली.

व्याही मात्र प्रसन्न होते. "यात नवल ते काय? आमची कुंडलिका वैशाखात वाहते, ती काय रोह्याच्या पावसावर? घाटावर मुळशीच्या धरणात अडवलेले पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरात उतरते आणि आमच्या दारावरून जाते. मुळशीकरांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले. नदी आमची भरली!"

"आमच्याकडे उलट," मी म्हणालो. "हेटवण्याचे धरण पेण तालुक्यात, त्याचे पाणी नव्या मुंबईला, आणि खारेपाटातल्या बायका चैत्रात हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. देणे हे पेणच्या ललाटीच लिहिलेले आहे, व्याहीबुवा. गणपती दिले, पोह्याचे पापड दिले, पाणी दिले, आणि आपल्याला तर मुलगी दिली."

व्याह्यांनी विषय बदलण्यासाठी तळ्याकडे बोट केले. "पण काय हो, या वाळवंटाला कधी विचारावेसे वाटले नसेल, की हे सारे येते कोणाकडून?"

"कसे वाटेल? हा वरपक्ष आहे," मी म्हणालो. "घ्यावयाचे भरघोस; समोरच्याने ते कोठून आणले याची चौकशी करावयाची नाही."

यावर काही न बोलता व्याह्यांनी माझ्या पिशवीतला भाजलेल्या पापडांचा डबा आपल्या मांडीवर ओढून घेतला.