एका घरात दोन राउटर

आमच्या बदलापूर पश्चिमेच्या फ्लॅटमध्ये भिंतीत खिळा ठोकला की पलीकडच्या खोलीत प्लास्टर पडतं. वायफाय मात्र त्याच भिंतीपाशी येऊन माघारी फिरतं. फायबरवाल्याचा बॉक्स हॉलमध्ये, त्यामुळे आईची मालिका सुरळीत. मागच्या बेडरूममध्ये बायको ऑफिसचं काम करते. तिथे मीटिंगमधले साहेब तोंड उघडं ठेवून थिजतात. ‘राहू देत की तसेच,’ ही माझी सूचना फेटाळली गेली.

अंबरनाथच्या मेहुण्यांनी निदान केलं, “भाऊजी, दुसरा राउटर घ्या, सहा अँटेनावाला. आमच्या शिवमंदिराच्या दगडातूनही आरपार जाईल!” मंदिर 1060 सालचं. तिथे रेंज कोणाला हवी होती, हे मी विचारलं नाही.

अशी खरेदी म्हणजे उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासित इथल्या लष्करी छावणीत आले, 1949 साली तिचं शहर झालं. पत्ता अजून कॅम्प नंबरनेच सांगतात. मेहुणे अंबरनाथला गाडीत चढले आणि चौथ्या सीटवर टेकून उल्हासनगरपर्यंत अँटेनांवर बोलत राहिले.

दुकानदाराने खोका काढलाच नाही. “घरी फायबरचा बॉक्स आहे ना? मग राउटर आहेच की साहेब. तुम्हाला एक्सेस पॉइंट पाहिजे.”

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटतो आणि सगळ्यांना मिळून बाहेरचा रस्ता दाखवतो. दुसरा राउटर तसाच जोडला तर तोही पत्ते वाटत सुटतो. घरात दोन कारभारी! हॉलमधला प्रिंटर एकाचा, बेडरूममधला लॅपटॉप दुसऱ्याचा, आणि छापायचं म्हटलं की दोघांची ओळखच नाही. एक्सेस पॉइंटला असली हौस नसते. वायरीतून आलेलं तो हवेत सोडतो, बस्स. बिनवायरीचा साधा रिपीटर मात्र त्याच लहरींवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो.

मेहुण्यांचा चेहरा पाहून दुकानदार विरघळला. सहा अँटेनांचा राउटरच घ्या, पण सेटिंगमध्ये ‘एपी मोड’ करा. तो नसेल तर डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा, राउटरला मोकळा असलेला वेगळा पत्ता द्या आणि वायर वॅनच्या नव्हे, लॅनच्या भोकात घाला. वायफायचं नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा.

हे सगळं दहा मिनिटांचं काम. खरा तंटा वायरीवरून झाला. देवघरावरून न्यायची नाही, असा आईचा हुकूम. फॉल्स सीलिंगला हात लावायचा नाही, असा बायकोचा. शेवटी चौकटीच्या कडेने गेली.

तेव्हा दुकानात जायच्या आधी टेप घेऊन भिंतीच्या कडेकडेने माप काढा आणि दार नीट लागेल एवढी वायर जास्तीची घ्या. कॅट-सिक्स वायर शंभर मीटरपर्यंत चालते, आणि तेवढा लांब फ्लॅट बदलापुरात अजून माझ्या पाहण्यात नाही.