कोट काळा, पाटी कोरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मग एकदा आरोपी म्हणून चढलेल्याला पुन्हा वकील म्हणून चढायचं असेल तर?

उत्तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात आहे. कलम २४-अ. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सनद नाही. मात्र सुटून दोन वर्षं झाली की अडसर दूर.

पाकीट मारलं तरी दोन, मुडदा पाडला तरी दोन. याला म्हणतात समन्याय!

आमदार-खासदार व्हायचं असेल तर? दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्याला सुटकेनंतर सहा वर्षं घरी बसावं लागतं. पण आधी शिक्षा व्हायला हवी ना!

२०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावरचे फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात स्वतःच लिहून दिले. कुणाची शपथ अडली?

अडतो तो लॉचा पोरगा. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने फर्मान काढलं. एफआयआर, खटला, शिक्षा, सगळं सांगा. निर्दोष सुटलात? तेही सांगा. नाहीतर शेवटची गुणपत्रिका विसरा.

मोर्चात दगड मारला दुसऱ्याने, नाव लागलं याचं. कोर्टाने सोडलं, कॉलेजने धरलं.

खटला अंगावर असताना कायदा करता येतो. शिकताना मात्र खुलासा द्यावा लागतो.

१९२२ मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली म्हणून लंडनच्या इनर टेंपलने एका बॅरिस्टरचं नाव यादीतून कापलं. ते पुन्हा घातलं १९८८ मध्ये. बॅरिस्टर जाऊन तेव्हा ४० वर्षं झाली होती.

नाव? मोहनदास करमचंद गांधी.

म्हणून काय, प्रत्येक सुटलेला कैदी गांधी? मुळीच नाही. उद्या अशिलाचे पैसे हा गिळणार नाही कशावरून? रास्त शंका आहे. पण ती कोऱ्या पाटीच्या वकिलाबद्दल कुणाला येत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगा!

आपल्या कारागृह खात्याचं ब्रीद आहे ‘सुधारणा व पुनर्वसन’. ते खरं मानायचं की नुसतं कमानीवर रंगवायचं?

तेव्हा सरळ हिशेब करा. माहिती लपवली, तर सनद काढून घ्या. शिक्षा झाली असेल, तर गुन्हा पाहून मुदत ठरवा. आणि निर्दोष सुटला असेल, तर त्याला काही विचारू नका. त्याचा निकाल कोर्टाने दिलाय, बार कौन्सिलने पुन्हा लावायची गरज नाही.